रिकाम्या जागा भरून झाल्यावर पुढे काय?

इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकातल्या काळांच्या रिकाम्या जागा बरोबर भरता येतात, पण इंग्रजी बोलायला लागलं की गाडी अडते, हे या टप्प्यावर बहुतेकांचं होतं. धड्याच्या डोक्यावरच काळाचं नाव छापलेलं असतं, त्यामुळे निवड करायची वेळच येत नाही. म्हणून आता मिश्र सराव घ्या, दोन-तीन काळ एकत्र असलेला.

सगळ्यात जास्त वेळ प्रेझेंट परफेक्ट आणि सिंपल पास्टला द्या. ‘आय हॅव लॉस्ट माय की’ म्हणजे किल्ली अजून सापडलेली नाही. ‘आय लॉस्ट माय की’ एवढ्यावरून ती नंतर सापडली की नाही, ते कळत नाही. आणि ‘येस्टरडे’ किंवा ‘इन 2019’ आलं, की ‘हॅव’ला सुट्टी! रोज स्वतःच्या दिवसाबद्दल पाच-सहा वाक्यं लिहा आणि दुसऱ्या दिवशी त्यातली फक्त क्रियापदं तपासा. सगळंच एकदम तपासायला गेलात, तर हाती काही लागत नाही.

आर्टिकल्सचं, म्हणजे ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ यांचं, फार मनावर घेऊ नका, ती वाचनातूनच अंगवळणी पडतात. पॅसिव्ह व्हॉइसची रूपांतरं? परीक्षा नसेल तर खुशाल सोडून द्या.