विधेयक मांडलं, पण त्याचा नंबर कधी लागणार?

प्रश्न : ताई, आम्ही निफाड तालुक्यातले कांदा उत्पादक. निर्यातबंदी एका रात्रीत लागते आणि काढलेल्या लाल कांद्याचा भाव सकाळी पडतो. बंदीआधी ठरावीक दिवसांची सूचना द्यावी, असं विधेयक खासदारांनी मांडावं यासाठी आम्ही त्यांना भेटणार आहोत. पण ते चर्चेला घ्यायचं की नाही, हे कोण ठरवतं?
– एक शेतकरी, निफाड

उत्तर : दादा, ८ डिसेंबर २०२३ ला निर्यात बंद झाली तेव्हा माझा भाऊ ट्रॉली भरून बसला होता. रात्री फोनवर तो एवढंच म्हणाला, "ताई, आता उतरवू की नेऊ?" त्यामुळे तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

मंत्री नसलेला कोणताही खासदार, अगदी सत्ताधारी पक्षाचा असला तरी, संसदेच्या भाषेत खासगी सदस्य. त्याच्या विधेयकाला लोकसभेत साधारण महिनाभर आधी नोटीस लागते. मांडणं तसं अवघड नाही. अडचण पुढे आहे. खासगी कामकाजाला शुक्रवारचे शेवटचे अडीच तास मिळतात, आणि एका शुक्रवारी विधेयकं तर पुढच्या शुक्रवारी ठराव. अधिवेशनात असे शुक्रवार किती येतात, ते तुम्हीच मोजा.

मग क्रम कसा लागतो? १५ सदस्यांची एक समिती प्रत्येक विधेयकाचं स्वरूप, निकड आणि महत्त्व पाहून त्याला 'अ' किंवा 'ब' वर्गात टाकते. 'अ' आधी. वर्गाच्या आत मात्र चिठ्ठ्या. न्यूझीलंडच्या संसदेत तर ही सोडत बिस्किटांच्या डब्यातून काढतात! चर्चा अर्धवट राहिली तर ते विधेयक पुढच्या वेळी आधी घेतात. पण लोकसभा विसर्जित झाली की तिथली प्रलंबित विधेयकं रद्दच होतात, पुन्हा पहिल्यापासून.

चिठ्ठी तुमच्या हातात नाही. 'अ' वर्ग बऱ्याच अंशी आहे. विधेयकासोबत 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' असतं, समिती निकड तिथे शोधते. त्यात "शेतकरी हवालदिल" असं लिहू नका. बंदीच्या आदल्या दिवशी लिलावात काय भाव निघाला, दुसऱ्या दिवशी काय, दोन्ही पावत्या लावा.

आणि मसुद्यात भरपाई घालू नका, हे कळकळीने सांगते. भारताच्या संचित निधीतून, म्हणजे केंद्र सरकारच्या मुख्य तिजोरीतून, खर्च होणार असेल तर विधेयक विचारात घेण्याआधी राष्ट्रपतींची शिफारस लागते, म्हणजे व्यवहारात सरकारचा होकार. फक्त सूचनेची मुदत मागा. परदेशी व्यापार संघ सूचीत, म्हणजे केंद्राच्या अखत्यारीतल्या विषयांच्या यादीत आहे, तेव्हा दिल्लीलाच जायचं. बाजार समितीच्या आडत-तोलाईचं गाऱ्हाणं यात मिसळू नका, तो विषय राज्याचा. त्यासाठी आमदारांकडे जा.

कायदा होईलच असं मी म्हणणार नाही. १९५२ पासून अशी जेमतेम १४ विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७० मध्ये. तरी मी तुम्हाला जा म्हणते. तृतीयपंथीयांच्या हक्कांचं, द्रमुकचे खासदार तिरुची शिवा यांचं खासगी विधेयक २०१५ मध्ये राज्यसभेने मंजूर केलं, लोकसभेत ते अडकलं, पण २०१९ मध्ये सरकारला त्या विषयावर स्वतःचा कायदा आणावा लागला. त्यांच्या विधेयकातलं बरंच त्यात उतरलं नाही, याची मला खंत आहे. पण विषय सभागृहात आला, नोंदला गेला.

खासदारांकडे जाण्याआधी मसुदा घेऊन नाशिकला या. आणि भावाच्या त्या दिवसाच्या दोन्ही पावत्या माझ्याकडे आहेत, त्याही जोडू.