टेकडीवरची घाणेरी श्रमदानातून काढायची कशी आणि त्या जागी काय लावायचं?

तुमचा प्रश्न असा: गावामागच्या टेकडीवर घाणेरी (काही ठिकाणी टणटणी म्हणतात) माजली आहे, दहा-पंधरा जण दर रविवारी श्रमदानाला तयार आहेत, पण कोयत्याने तोडली की ती पुन्हा दुप्पट फुटते.

कोयत्याने ती फुटणारच. घाणेरीचे धुमारे खोड आणि मूळ जिथे जुळतात त्या जाड गाठीतून येतात. वरून छाटलं की एका खोडाच्या जागी पाच-सहा उभी राहतात आणि पेटवलं तरी तेच होतं. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांच्या गटाने मांडलेली पद्धत श्रमदानासाठी सगळ्यात सोयीची आहे: मुख्य मूळ त्या गाठीच्या खाली, म्हणजे जमिनीखाली साधारण तीन ते पाच सेंटिमीटरवर तोडायचं. औषध लागत नाही, जेसीबी तर नकोच.

काम जोडीने करा. एकाने लांब आकडीने फांद्या मागे ओढून धरायच्या. दुसऱ्याने बुंध्याभोवतीची माती कुदळीने उकरून गाठ उघडी करायची आणि तिच्याखाली तिरपा घाव घालायचा. तुटलेल्या झुडपाला गाठ चिकटून आली आहे ना, ते दर वेळी बघा. जमिनीत राहिली असेल तर ते झुडूप काढलंच नाही असं समजा. मग झुडूप उलटं करून, मुळं वर, शक्यतो उघड्या कातळावर रचायचं. फांद्या ओल्या मातीला टेकून राहिल्या तर तिथेच मुळं धरतात. पिकलेले घोस दिसले तर आधी तोडून पोत्यात भरा; झुडूप ओढत नेताना ती फळं वाटभर सांडतात.

माती चांगली भिजली की जुलै-ऑगस्टमध्ये हे काम हलकं होतं. पायात घोट्यावरचे बूट आणि हातात चामडी हातमोजे हवेतच. घाणेरीखाली फुरसं, घोणस असू शकतात, म्हणून आधी काठी आपटून मगच हात घाला. बुलबुलाचं घरटं दिसलं तर ते झुडूप पिल्लं उडेपर्यंत राहू द्या.

सगळ्यात दाट जाळीपासून सुरुवात करू नका. जिथे अजून गवत, करवंद, हेकळ शिल्लक आहे त्या कडेपासून आत सरका. तिथे स्थानिक झाडोरा मोकळी जागा स्वतःच भरून काढतो. तीव्र उतारावर आडवे पट्टे मध्ये सोडा, नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात माती जाईल. सशा-तितरांनाही आडोसा उरतो. एका पावसाळ्यात पाच-सहा गुंठे पुरे. मोकळी केलेली जागा तशीच राहिली की तिथे रानमोडी, गाजरगवत नाहीतर पुन्हा घाणेरीच येते.

म्हणून आधी गवत. घाटमाथ्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या टेकड्यांवर पवन्या, शेडा, डोंगरी, मारवेल यांचं बी जवळच्याच माळावरून नोव्हेंबरच्या सुमारास गोळा करा आणि पुढच्या पावसाच्या तोंडाला फेका किंवा गवताची थोंबं (मुळांसकट जुड्या) लावा. मग झुडपं: करवंद, धायटी, मुरुडशेंग, निर्गुडी. करवंदाचं बी ताजंच पेरा, ठेवलं तर उगवण पार घटते. पांगारा आणि मोईचे जाड फाटे थेट रुजतात. सालई, मेडशिंगी, पळस मोजकेच, तेही माती असेल तिथेच. कातळसड्यावर आणि मूळच्या गवताळ माळावर खड्डे खणू नका. ती जागा झाडांची नाहीच. गिरिपुष्प आणि सुबाभूळ कुणी फुकट दिली तरी घेऊ नका.

पुढची किमान दोन-तीन वर्षं दर पावसाळ्यात घाणेरीची नवी रोपं उपटावी लागतील. ती विखुरलेली नसतात. पक्षी फळं खाऊन जिथे बसतात त्या मोठ्या झाडांखाली गर्दीने उगवतात. समोरासमोर खरखरीत पानं, चौकोनी खोड, चुरगळल्यावर उग्र वास. वीतभर असताना ओल्या मातीतून बोटांनी निघतात.

जमीन वनखात्याची असेल तर घाणेरी काढायलाही वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांची लेखी परवानगी आधी घ्या. गायरान असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव. त्याच अर्जात जाळपट्ट्याचंही (वणवा अडवणाऱ्या मोकळ्या पट्ट्याचंही) विचारून ठेवा. नवीन गवत डिसेंबरपर्यंत वाळतं. वणवा लागला तर लावलेली रोपं जातात आणि घाणेरीचे उरलेले बुंधे मात्र पुन्हा फुटतात. जानेवारीच्या आत तुकड्याभोवती तीन-चार मीटर रुंद पट्टा कापून झाडून घ्या.