आधी बेचक्यात बघ

चि. ...स,
अनेक आशीर्वाद.

सुरीनामला माडांच्या रोगावर काम करायला निघालास, बरं वाटलं. पण पोचल्या पोचल्या फवारणीचा पंप मागवायचा बेत आहे म्हणतोस, तो राहू दे. आधी कोयता घे आणि सूक्ष्मदर्शक.

तिकडे या रोगाला हार्टरॉट म्हणतात. खालच्या झावळ्या तपकिरी पडत जातात, कोवळे नारळ गळतात, न उमललेली पोय (फुलोरा) काळी पडते आणि शेवटी कोंब सडून घाण सुटते. कोंब सडला म्हणजे बुरशीच, असं धरून बसू नकोस. खरा प्रकार 1976 मध्ये सुरीनामच्याच माडांत दिसला: अन्नवाहिन्यांमध्ये शेपटीवाले एकपेशीय जीव, फायटोमोनास. (हे नाव 1909 मध्ये ठेवलं मद्रासच्या चार्ल्स डोनोव्हन यांनी, काळा आजाराच्या जंतूवर काम करणारे डॉक्टर तेच. तोंडी परीक्षेत विचारतील.) कोवळी पोय कापून रसाचा थेंब ताजाच काचपट्टीवर घे, पीळ पडलेल्या अंगाचे हे जीव वळवळताना दिसतात. खोडही आडवं कापून बघ. आत तांबडं कडं दिसलं तर तो सूत्रकृमीचा रोग, सोंड्या भुंग्याने आणलेला. त्याचा उपाय वेगळा.

आता ढेकण्या, म्हणजे हा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेणारे किडे. लिंकस जातीचे हे किडे तपकिरी, बारके, झावळीच्या बेचक्यात जाळीआड दडलेले. खालून दिसायचे नाहीत. बेचका उकल, बुंध्याशी पडलेल्या पाल्यातही शोध. इथेच नवशिके घसरतात: किड्याच्या आतड्यात जीव सापडला की वाहक मिळाला म्हणून मोकळे होतात. पुष्कळ ढेकण्यांच्या पोटात त्यांचे स्वतःचे असले जीव असतातच. लाळग्रंथीत पोचलेत का ते बघ, आणि मग किडे जाळीत कोंडून निरोगी रोपावर सोड. रोग दिसायला महिने लागतात. तुझ्या गाइडला घाई असेल, तुला नको.

उपायात मला तरी आजारी झाड लवकर तोडणं, तण आणि बुंध्याचा पाला काढणं जास्त पटतं. फवारा बेचक्यात उतरला नाही तर पैसे वाया. कोलंबिया, इक्वेडोर, पेरूमध्ये तेलताडालाही हीच पीडा आहे, तेव्हा शेजारची तेलताडाची लागवडही बघून घे.

पहिल्या बागेचा नकाशा काढलास की पाठव. मेलेल्या प्रत्येक झाडावर तारीख घाल, म्हणजे रोग कुठल्या बाजूने सरकतोय ते इथे बसून बघता येईल.

तुझा,
सर