मालक खासगी असेल तर त्याच्याविरुद्ध मूलभूत हक्क चालतो का?

तुम्ही लिहिलंय की भाऊ सोलापुरात यंत्रमागावर टॉवेल विणतो, उचल फिटेपर्यंत मालक दुसरीकडे जाऊ देत नाही, आधार कार्डही ठेवून घेतलंय. मालक म्हणजे काही सरकार नव्हे, मग घटनेचा उपयोग काय?

उपयोग आहे, फक्त कलम नेमकं धरा. कलम १४ (समानतेचा हक्क) शासनाविरुद्ध चालतं. कलम २३ वेठबिगारीलाच मनाई करतं, ती कोणी लादली हे पाहत नाही. एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात (१९८२) सर्वोच्च न्यायालयाने ते खासगी ठेकेदारांनाही लागू केलं आणि किमान वेतनाहून कमी मजुरीवर करून घेतलेलं काम वेठीचंच ठरवलं. २०२३ च्या कौशल किशोर निकालात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने १९ (स्वातंत्र्य) आणि २१ (जीवित) ही कलमंही खासगी व्यक्तींविरुद्ध चालतील असं म्हटलंय, पण तुम्ही त्या फंदात पडू नका.

अर्ज वेठबिगार पद्धती (निर्मूलन) कायदा, १९७६ खाली प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या. उचल किती, कधी, कोणामार्फत. मजुरी नगावर की किलोवर. आठवड्याला हातात किती पडते, किती कापून घेतात. 'जायचं नाही' हे कोण, कधी म्हणालं, हे सगळं लिहा. बहुतेक अर्ज इथेच फसतात. 'पैशाचा हिशेब करून आधार परत मिळावं' एवढंच लिहिलं, की तो देण्याघेण्याचा वाद ठरतो आणि पोलीस दिवाणी कोर्टाचा रस्ता दाखवतात. उचल आणि तिच्यापायी झालेली अडवणूक किंवा तुटपुंजी मजुरी, दोन्ही जोडून मांडा. आवक शिक्क्याची प्रत ठेवा.

पावती नाही म्हणून अडू नका; वही मालकाकडेच असते. १९७६ च्या याच कायद्याच्या कलम १५ प्रमाणे हे वेठबिगारीचं कर्ज नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. चौकशीत वेठबिगारी ठरून मुक्तीचा दाखला मिळाला की उचल संपते. नंतर तिची वसुली हा गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद. दरम्यान तडजोडीच्या नावाखाली स्टॅम्प पेपरवर सही करू नका.

मात्र भाऊ हवं तेव्हा काम सोडू शकत असेल आणि मजुरी पूर्ण मिळत असेल, तर ते साधं कर्ज. ते फेडावंच लागेल.

अर्ज नुसता दाबून ठेवला, तरच हायकोर्ट. सोलापूर जिल्ह्यासाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे. तिथल्या अर्जात (रिटमध्ये) मुख्य प्रतिवादी जिल्हाधिकारी करा, कारण चौकशी करण्याचं कायदेशीर कर्तव्य त्यांचं आहे.