केमोथेरपी झाली आहे, बाळाला अंगावर पाजू का?

आठव्या महिन्यात समुपदेशनासाठी आलेल्या एका ताईंनी बसताक्षणीच विचारले, ‘‘माझ्या दुधातून बाळाच्या पोटात केमोचे औषध जाईल का?’’ चार वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या स्तनातील कर्करोगाची गाठ काढून डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही केमोची औषधे व नंतर किरणोपचार देण्यात आले होते. सासूबाईंनी काळजीपोटी पावडरच्या दुधाचा डबा आधीच आणून ठेवला होता.

केमोथेरपी चालू असताना बाळाला अंगावर पाजू नये, कारण ही औषधे दुधात उतरतात. परंतु ती शरीरात कायम राहत नाहीत. शेवटच्या डोसनंतर सायक्लोफॉस्फामाइडसाठी १ आठवडा आणि डॉक्सोरुबिसिनसाठी १० दिवस स्तनपान टाळावे, असे त्यांच्या माहितीपत्रकांत सांगितलेले असते. चार वर्षांनी दुधात त्यांचा अंशही उरत नाही, हे मी दोघींनाही निःशंकपणे सांगितले.

फाइल वाचताना मी थांबले ती टॅमॉक्सिफेनच्या, म्हणजे स्तनाचा कर्करोग पुन्हा उद्भवू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या गोळीच्या नोंदीपाशी. गर्भधारणेसाठी कर्करोगतज्ज्ञांच्या संमतीने ही गोळी थांबवलेली होती आणि प्रसूतीनंतर ती पुन्हा सुरू करायची होती. ही गोळी दूध कमी करते आणि ती घेत असताना स्तनपान देऊ नये, असाच सल्ला दिला जातो. त्यामुळे केमोपेक्षा या गोळीचा विचार अधिक गरजेचा होता, आणि दुधासाठी ती आपल्या मनाने लांबवणे आईच्या जिवाशी खेळण्यासारखे ठरले असते. मी त्यांना प्रसूतीपूर्वीच तज्ज्ञांकडून गोळीची तारीख ठरवून घ्यायला सांगितले. तज्ज्ञांनी काही महिन्यांच्या स्तनपानाला मुभा दिली.

किरणोपचार झालेल्या बाजूला दूध फार कमी येते, कधी येतही नाही; यात आईचा काहीही दोष नसतो. उजव्या बाजूने वारंवार पाजल्यास एका स्तनाचे दूधही अनेकदा पुरते. ते पुरते आहे का, हे बाळाचे वजन आणि पाचव्या दिवसानंतर २४ तासांत किमान सहा वेळा होणारी लघवी पाहून कळते. ताईंच्या बाळाचे वजन व्यवस्थित वाढले, तो डबा उघडावा लागला नाही. लागला असता, तरी त्यात कमीपणा नव्हता.

दूध येत असतानाही नियमित तपासण्या चुकवू नयेत, आणि हाताला गाठ लागली तर ती दुधाचीच असेल असे समजून दिवस घालवू नयेत, हे मी त्यांना प्रत्येक भेटीत सांगत असे.