एक काडतूस टिकते, दुसरे मागे पडते: शिकारी रायफलींविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न: .३०-०६ स्प्रिंगफील्ड हे काडतूस १९०६ सालचे आहे. त्यानंतर त्याहून वेगवान काडतुसे कितीतरी आली, तरी त्याची मागणी का टिकून आहे?

उत्तर: काडतुसाची लोकप्रियता केवळ गोळीच्या वेगावर ठरत नाही. ते कोणत्या रायफलीबरोबर आले, कोणाच्या हातांना आधीपासून परिचित होते आणि गरज पडेल तेव्हा सहज मिळत होते का, यांवर ती बहुतांशी ठरते. .३०-०६ (.३० हा इंचांतील साधारण व्यास, ०६ हे साल) हे अमेरिकी सैन्याचे काडतूस होते. दोन महायुद्धांत लाखो सैनिक त्यावरच नेमबाजी शिकले आणि परतल्यावर शिकारीसाठी रायफल निवडताना त्यांनी ओळखीचेच काडतूस निवडले. सैन्याच्या जादा झालेल्या रायफली व काडतुसे नागरिकांना स्वस्तात मिळू लागली, त्यामुळे कारखान्यांनी त्यासाठी हलक्या-जड अनेक प्रकारच्या गोळ्या तयार केल्या आणि या विविधतेमुळे नव्या शिकाऱ्यालाही तेच सोयीचे वाटू लागले. असे चक्र एकदा फिरू लागले की थोड्याशा जादा वेगाच्या बळावर ते थांबवणे नव्या काडतुसाला फार अवघड जाते.

.३०८ विंचेस्टरची कथाही याच वळणाची आहे. विंचेस्टर कंपनीने ते १९५२ मध्ये शिकाऱ्यांसाठी बाजारात आणले आणि १९५४ मध्ये त्याचाच जुळा अवतार नाटोने सैन्यासाठी स्वीकारला. .३०-०६ ची पुंगळी, म्हणजे दारू भरलेले धातूचे आवरण, ६३ मिलिमीटर लांब, तर .३०८ ची ५१ मिलिमीटर. दरम्यानच्या काळात दारू सुधारल्यामुळे एवढ्या आखूड पुंगळीतूनही जवळपास तेवढेच काम होऊ लागले आणि रायफलीची काडतूस आत-बाहेर करणारी यंत्रणा आखूड व हलकी करता आली. लष्करी वारसा आणि खरीखुरी सोय या दोन्ही गोष्टी एकाच काडतुसाच्या वाट्याला क्वचितच येतात.

प्रश्न: .२८० रेमिंग्टन हे .२७० विंचेस्टरपेक्षा कागदावर सरस दिसते. मग ते मागे का पडले?

उत्तर: .२७० हे १९२५ मध्ये आले आणि जॅक ओकॉनर यांच्यासारख्या वाचकप्रिय लेखकाने अनेक दशके त्याची बाजू मांडली. .२८० ला १९५७ पर्यंत वाट पाहावी लागली. तोपर्यंत डोंगराळ मुलखात दूरवर मारा करण्यासाठी .२७० घ्यावे, हे लोकांच्या मनात पक्के बसले होते. शिवाय रेमिंग्टनने आपल्या स्वयंभरणी (पुढचे काडतूस आपोआप भरणाऱ्या) रायफलीला झेपावे म्हणून .२८० चा दाब कमी ठेवला, त्यामुळे त्याची खरी क्षमता कारखान्याच्या काडतुसांत उतरलीच नाही. पुढे १९७९ मध्ये कंपनीने त्याचे नाव बदलून ‘७ एमएम एक्सप्रेस’ केले. ‘७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम’ हे तिचेच वेगळे काडतूस आधीपासून बाजारात असल्याने दोहोंची गल्लत होऊ लागली. चुकीचे काडतूस रायफलीत जाणे ही जिवावर बेतू शकणारी गोष्ट असल्याने कंपनीला थोड्याच काळात जुने नाव परत आणावे लागले. .२८० हे उत्तम काडतूस आहे, यात मला शंका नाही. त्याच्या पदरी पडलेले अपयश हे त्याच्या गुणांचे नसून त्याला ज्या रीतीने लोकांपुढे आणले गेले त्या रीतीचे आहे.

प्रश्न: नळीतील आट्यांच्या, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या पिळदार खाचांच्या, पिळामुळे एखादे काडतूस अपयशी ठरू शकते का?

उत्तर: होय, आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण १९५५ सालचे आहे. त्या वर्षी विंचेस्टरने .२४३ आणि रेमिंग्टनने .२४४ अशी ६ मिलिमीटर व्यासाची दोन काडतुसे आणली. रेमिंग्टनने आपल्या रायफलींना १२ इंचांत एक फेरी असा मंद पीळ दिला, कारण लहान प्राण्यांसाठी वापरायच्या हलक्या गोळ्या तिच्या डोळ्यांपुढे होत्या. विंचेस्टरने १० इंचांत एक फेरी ठेवली. गोळी जितकी लांब, तितकी ती स्थिर राहण्यासाठी जलद फिरावी लागते, म्हणून १०० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे एकक) लांबट गोळी .२४३ मधून नीट जात असे, पण .२४४ मधून तिचा भरवसा नसे. ग्राहकाला मात्र एकाच रायफलीने लहान प्राणी आणि हरीण या दोहोंची शिकार करायची होती. रेमिंग्टनने १९६३ मध्ये पीळ ९ इंचांवर आणून काडतुसाला ‘६ एमएम रेमिंग्टन’ हे नवे नाव दिले, पण तोवर बाजार .२४३ ने व्यापला होता.

प्रश्न: ६.५ क्रीडमूर केवळ जाहिरातीमुळे गाजले, हा आक्षेप योग्य आहे का?

उत्तर: माझ्या मते नाही. हॉर्नडी कंपनीने २००७ मध्ये ते आणले, तेव्हा त्याच व्यासाचे .२६० रेमिंग्टन दहा वर्षे बाजारात होते. फरक मांडणीत होता. क्रीडमूरची पुंगळी जवळपास तीन मिलिमीटरने आखूड असल्याने लांब, निमुळती गोळी दारूच्या जागेत फारशी न घुसताही आखूड यंत्रणेच्या मॅगझिनमध्ये (काडतुसे ठेवण्याच्या कप्प्यात) मावते, आणि ८ इंचांत एक फेरी हा जलद पीळ पहिल्यापासूनच प्रमाण म्हणून ठरवला गेला. म्हणजे कोणत्याही कंपनीची रायफल घेतली तरी लांब गोळी स्थिर राहणार, ही खात्री खरेदीदाराला मिळाली. त्याला जोड मिळाली ती गोळी सुटताना खांद्याला बसणाऱ्या सौम्य धक्क्याची. धक्क्याला घाबरणारा नेमबाज चाप ओढताना डोळे मिटतो किंवा खांदा आक्रसतो, नेम ढळतो आणि जनावर जखमी होऊन निघून जाते. शिकारीत याहून वाईट काही नाही, म्हणून सौम्य धक्क्याला मी काडतुसाचा मोठाच गुण मानतो.

प्रश्न: कायद्याचा या सगळ्यावर किती परिणाम होतो?

उत्तर: पुष्कळदा निर्णायक. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिशांनी भारत व सुदान येथे .४५० व्यासाच्या रायफलींवर निर्बंध घातले, त्यामुळे बंदूककारांना .४६५, .४७० असे शेजारचे व्यास पुढे आणावे लागले आणि त्यांतील .४७० नायट्रो एक्सप्रेस आफ्रिकेतील मोठ्या शिकारीत कायमचे स्थिरावले. इंग्लंडमध्ये बहुतेक हरणांसाठी किमान .२४० इंच व्यासाची अट असल्याने .२४३ तेथे सहजच नवशिक्याचे पहिले काडतूस ठरले. अमेरिकेत काही राज्ये हरणाच्या शिकारीला सरळ भिंतीच्या (तोंडाशी निमुळती न होणाऱ्या) पुंगळीचीच काडतुसे चालवतात. विंचेस्टरचे २०१९ मधील .३५० लेजंड याच नियमात बसेल असे घडवले गेले.

प्रश्न: कमी खपाचे, पण मनाला भावलेले काडतूस घ्यावे का?

उत्तर: स्वतः काडतुसे भरण्याची तयारी, परवानगी आणि योग्य पुंगळ्यांचा साठा असेल तर जरूर घ्यावे. तसे नसेल तर निवड करण्यापूर्वी एक साधी चौकशी करावी: ज्या प्राण्यासाठी रायफल घ्यायची आहे त्याला योग्य अशी गोळी त्या काडतुसात आज किती कारखाने भरतात? उत्तर एकच कारखाना असे आले, तर त्या कारखान्याने उत्पादन थांबवताच चांगली रायफलही कपाटात पडून राहील.