शेतातलं बटण, आउट्रम साहेब आणि उकिरडा

प्रश्न: धरणगावजवळ आमचं तीन एकर काळं रान आहे. कापूस वेचताना मिसेसच्या कानातला टॉप्स पडला म्हणून ऑनलाइन साडेतीन हजाराचं मेटल डिटेक्टर मागवलं. टॉप्स काही मिळाला नाही, पण बांधापासून दहा-बारा पावलांवर दोन पितळी वस्तू निघाल्या. एक बटण, त्यावर मुकुट आणि खाली एकमेकांत गुंतवलेली जी, आर, आय ही इंग्रजी अक्षरं. दुसरा बोटाच्या पेराएवढा तारा, त्याच्या मधोमध तीन बारीक मुकुट. गावात जो तो 'हाई काय शे भो' करत येतो आणि बघून जातो. आमचे एक सर म्हणाले, आउट्रम साहेबाने भिल्ल पलटण धरणगावातच उभी केली, तेव्हा विलायतेत जॉर्ज राजा होता, जी म्हणजे जॉर्ज, म्हणजे हे त्या पलटणीच्या गोऱ्या साहेबाचं आणि तो इथेच लढाईत पडला असणार. खरं का? बटण चिंच आणि राखेनं घासून चकचकीत केलंय, फोटो जोडलाय.

उत्तर: भाऊ, आधी ती चिंच बाजूला ठेवा. बटणाचं व्हायचं ते झालं, फोटोत मुकुटाच्या रेषा बोथट झालेल्या दिसतायत, निदान ताऱ्याला तरी हात लावू नका. साधं पाणी, मऊ टूथब्रश, सावलीत वाळवणं, बस. हिरवा थर राहिला तर राहू द्या, तो खरवडला तर खालची बारीक अक्षरं त्याच्याबरोबरच निघून जातात.

आता सरांचं. त्यांचा इतिहास पक्का आहे, जेम्स आउट्रमने १८२५ मध्ये खानदेश भिल्ल पलटण उभी केली आणि ती धरणगावलाच, तेव्हा गादीवर चौथा जॉर्ज होता हेही बरोबर. पण सर जीवर थांबले आणि आयकडे बघितलंच नाही राव! आर म्हणजे रेक्स, राजा. आय म्हणजे इम्परेटर, सम्राट. आणि इंग्लंडच्या राजघराण्याने भारताचं सम्राटपद घेतलं ते व्हिक्टोरियाच्या वेळी, १८७६ चा कायदा आणि १ जानेवारी १८७७ ला दिल्ली दरबारात जाहीर घोषणा. चौथा जॉर्ज त्याच्या कितीतरी आधी, १८३० मध्येच वारला होता, तो कुठला सम्राट? म्हणजे तुमच्या बटणावरचा जॉर्ज एकतर पाचवा, जो १९१० मध्ये गादीवर आला, नाहीतर सहावा, जो १९३६ मध्ये आला. १९४७ च्या पुढे हे बटण आणायची गरज नाही. एका अक्षरानं साहेब जवळजवळ शंभर वर्षं पुढे आला बघा.

मुकुटही तेच सांगतो. तुमच्या बटणावर वरच्या कमानी घुमटासारख्या गोल आहेत, हा १९०१ नंतरच्या राजांचा मुकुट. मधे खोलगट असता तर एक व्हिक्टोरियाचा, नाहीतर १९५२ मध्ये आलेल्या एलिझाबेथ राणीचा. राणीचा मुकुट असलेला बिल्ला कुणी भारतीय फौजेचा म्हणून विकायला आणला तर सरळ परत द्या, कारण २६ जानेवारी १९५० ला आपल्याकडे मुकुट गेला आणि अशोकाचे सिंह आले.

तारा मात्र मला जास्त आवडला. हा खांद्यावरचा हुद्द्याचा तारा, इंग्रजांच्या ऑर्डर ऑफ द बाथ या मानचिन्हावरून घेतलेला, तीन मुकुट त्याचेच. भिंगातून बघितलं तर मुकुटांभोवती लॅटिन अक्षरं दिसतील, 'ट्रिया जुंक्टा इन उनो', म्हणजे तिघं एकात जोडलेले. आपल्या फौजेत आता पाच टोकांचा तारा असतो. पण तारा म्हणजे गोरा साहेब हे कुणी सांगितलं? ब्रिटिश राजवटीच्या शेवटच्या काळात आपल्या जमादाराच्या खांद्यावर एक तारा असायचा आणि सुभेदाराच्या दोन, सुभेदार मेजरला मुकुट. पोलीस अधिकाऱ्यांनाही तारे होतेच. म्हणजे हा तारा तुमच्याच गावातल्या कुणा पेन्शनरचा असू शकतो, ज्याचे पणतू आज बसस्टँडवर चहा पीत बसले असतील. म्हाताऱ्या माणसांना विचारा, कुणाच्या घरात कोण फौजेत किंवा पोलिसात होतं.

आणि लढाई? तुमच्याच पत्रात आहे की वस्तू बांधापासून दहा-बारा पावलांवर निघाल्या. शेणखताची गाडी जिथे उलटी करतात तीच जागा. आपल्याकडे घरातला झाडलोटीचा कचरा उकिरड्यावर जातो, उकिरडा वर्षभर कुजतो, मग उन्हाळ्यात बैलगाडीनं शेणखत म्हणून रानात, आणि त्याबरोबर तुटकी बटणं, बांगड्यांचे तुकडे, देवघरातली घंटीसुद्धा. माझ्या आजोबांनी बाजारातून जुना मिलिटरी कोट आणला होता, दहा हिवाळे अंगावर घातला, फाटला तसा दादर ज्वारीच्या वावरात बुजगावण्याला चढवला, आणि दोन पावसाळ्यांत कोट गेला, बटणं मातीत. आजोबा आयुष्यात कधी तालुक्याच्या पलीकडे लढायला गेले नाहीत, बायकोशी भांडले तेवढेच.

बटणाची मागची बाजू पाठवायला विसरलात. कडीभोवती बनवणाऱ्याचं नाव आणि गाव कोरलेलं असतं, लंडन नाहीतर बर्मिंगहॅम, खरी ओळख बऱ्याचदा तिथेच मिळते. फोटो काढताना दिवा वरून नको, बाजूनं तिरपा धरा आणि शेजारी शाळेची पट्टी ठेवा. अजून एक, १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून आहे, जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू मिळाली तर कलेक्टरला लेखी कळवायचं असतं. दहाच रुपये, हो. अर्ज द्या आणि पोच घ्या.

प्रश्न: भुसावळला जुनं घर पाडताना जी आय पी आर अशी अक्षरं असलेली सहा बटणं निघाली. कोणती रेजिमेंट?

उत्तर: रेजिमेंट नाही हो, रेल्वे! ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, जी १९५१ मध्ये मध्य रेल्वे झाली. भुसावळात गार्डचा, तिकीट तपासनिसाचा कोट निघणं म्हणजे जळगावात केळी निघण्यासारखं. त्या रेल्वेची स्वतःची स्वयंसेवक पलटणही होती, पण त्यात मुख्यतः युरोपियन आणि अँग्लो-इंडियन नोकर. सहाच्या सहा सारखी आहेत का ते बघा, मोठी चार आणि लहान दोन असतील तर छातीची आणि बाहीची, एकाच कोटाची.

प्रश्न: आम्ही शिरपूरचे चार मित्र डिटेक्टर घेऊन रविवारी थाळनेरच्या किल्ल्यावर जाणार आहोत. इंग्रजांच्या गोळ्या मिळतील का?

उत्तर: मिळतीलही, म्हणूनच जाऊ नका. फेब्रुवारी १८१८ मध्ये सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेने थाळनेर घेतलं, दरवाज्यात झटापट होऊन त्यांचे अधिकारी पडले आणि मग किल्लेदार तुळशीराम मामाला फाशी दिली. तिथे शिशाची गोळी जिथे पडलीय तिथेच कामाची, कोण कुठून झाडत होतं ते तिच्या जागेवरून कळतं, तुमच्या खिशात आली की ते नुसतं शिसं. शिवाय संरक्षित स्मारकाच्या हद्दीत खणलं तर १९५८ च्या कायद्याखाली केस होते, चौघांवरही. रविवारी जाच, फारुकी सुलतानांच्या कबरी बघा, तापीकाठी भरीत-भाकरी खा, डिटेक्टर मात्र घरी. किंवा धरणगावला पाठवून द्या, त्या वहिनींचा टॉप्स अजून सापडलेला नाही.